मासा दिसतो तिथे नसतो

जपानला जायचं ठरलं तेव्हा जेवणाची काळजी कुणी करायची हे आमच्या घरात आपोआप ठरून गेलं. मी वेंगुर्ल्याचा. समुद्रातून बाहेर आलेली कुठलीही वस्तू मला परकी वाटत नाही. हिचं माहेर सांगलीचं. तिथे हळद आणि बेदाणे यांच्या पलीकडे जग नाही. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, पण माझा माशाचा तवा अजून बाल्कनीत असतो, आणि त्याची घासणीसुद्धा त्याच्यासोबत वनवास भोगते. केकमधल्या अंड्याला हिची हरकत नसते, कारण ते दिसत नाही. हे तत्त्व वाचकांनी लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

"तुमची चैन आहे," ती म्हणाली. "मी काय खाऊ तिकडे?"

"अगं, बौद्ध देश आहे. मिळेल की भाजीभात."

हे वाक्य मला पुढचे दहा दिवस रोज दोन्ही वेळा, जेवणाआधी आणि जेवणानंतर, ऐकवण्यात आलं.

टोकियोत पहिल्याच संध्याकाळी आम्ही उदोनच्या एका छोट्या दुकानात शिरलो. दारातच तिकिटाचं यंत्र होतं. आधी पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी घ्यायची आणि ती आत द्यायची. बटणं पन्नासेक, त्यांवरची अक्षरं चित्रासारखी, आणि चित्रं मात्र चारच. मागे सात माणसं उभी. मुंबईत एव्हाना कुणीतरी "ओ काका, चला की" म्हणालं असतं आणि दुसऱ्या कुणीतरी पुढे होऊन बटण दाबूनही दिलं असतं. इथे सगळे गप्प. त्या गप्प बसण्याने माझ्या मानेला घाम फुटला. शेवटी चारपैकी सर्वांत गरीब दिसणाऱ्या चित्रावर मी बोट ठेवलं. जाड पांढऱ्या शेवया, वर कांद्याची पात, खाली पाण्यासारखा पातळ रस्सा. उपासाला चालेल असं रूप.

वाडगा आला. वाफ नाकात गेली आणि मी थेट आजीच्या घरातल्या माळ्यावर पोचलो. पावसाळ्याच्या बेगमीचा सुक्या मासळीचा डबा तिथे असायचा. रस्सा पारदर्शक होता, त्यात एक काटा नव्हता, खवल्याचा मागमूस नव्हता, पण वास मला फसवणं शक्य नव्हतं. सुक्या बांगड्याचा एक शिकलेला, परदेशात स्थायिक झालेला चुलतभाऊ त्या वाडग्यात विरघळून बसला होता.

"काय झालं?" ही म्हणाली.

"मासा आहे."

"कुठे?"

"सगळीकडे."

त्याचं नाव दाशी. अख्ख्या जपानी स्वयंपाकावर राज्य करते आणि नाव मात्र असं! कात्सुओ म्हणजे आपल्या कुप्याच्या गोतावळ्यातला मासा. तो उकडतात, धुरी देतात, वाळवतात, चांगल्या प्रतीचा असेल तर त्यावर मुद्दाम बुरशी चढवून पुन्हा उन्हात घालतात. हे सगळं महिनोन्‌महिने चालतं. शेवटी त्याचं असं लाकूड होतं की दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टिपरीसारखे वाजतात. मग सुताराच्या रंध्यासारख्या पात्याच्या पेटीवर ते घासून त्याचे पापुद्रे काढतात. ही कात्सुओबुशी. कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाच्या पाण्यात हे पापुद्रे टाकायचे आणि गाळून घ्यायचे की झाली दाशी. ती मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या गोळ्याच्या, सारात असते, भाजी शिजते त्या पाण्यात असते, अंड्याच्या गोड वडीत असते, भज्यांसोबतच्या बुडवणीत असते. आपण फोडणीला हिंग घालतो तितक्या निरागसपणे ते ही घालतात, आणि "यात मासा आहे का?" असं विचारलं तर प्रामाणिकपणे नाही म्हणतात. आपल्याला कुणी विचारलं, वरणात झाडाचा चीक आहे का, तर आपण तरी काय सांगू?

यातल्या कोम्बूची वेगळीच गंमत. १९०८ साली इकेदा किकुनाए या प्राध्यापकांनी त्याच्या पाण्यातून चवीचा अर्क शोधून काढला, चवीला उमामी असं नाव दिलं, आणि त्यातूनच बाजारात आलं ते अजिनोमोटो. डोंबिवलीतल्या चायनीजच्या गाडीवर "भैया, अजिनोमोटो मत डालना" असं वीस वर्षं बजावत आलेली माझी बायको त्या पदार्थाच्या थेट आजोळी येऊन उपाशी बसली होती.

त्या रात्री तिने भाज्यांचा तेम्पुरा मीठ लावून खाल्ला. तेम्पुरा ही पोर्तुगिजांची देणगी, म्हणजे आपल्या पावाचं आणि बटाट्याचं सख्खं भावंड. रताळं, भोपळा, वांगं, शिसो नावाच्या सुवासिक रोपाचं पान. पीठ इतकं हलकं की आपली भजी त्यापुढे गोधडी पांघरून बसल्यासारखी वाटावीत. जपानला जाल तर हा पदार्थ आधी खा. कोळंबी आणि भोपळा एकाच तेलात पोहतात ही गोष्ट मी तेव्हा हिला सांगितली नाही. हा लेख वाचेल तेव्हा कळेल.

तिथून माझी नेमणूक झाली. पुढे आलेल्या प्रत्येक पदार्थाचा पहिला घास माझा. पूर्वी राजेलोक विष ओळखायला असा माणूस पदरी ठेवत. त्याला निदान पगार असे.

मी भाषेकडूनही प्रयत्न केला. "निकु नाशी," म्हणजे मांस नको, हे वाक्य विमानातच पाठ केलं होतं. ते म्हटलं की वेटर आनंदाने मान डोलवायचा आणि मासा आणून ठेवायचा. यात त्याची चूक नाही. इ.स. ६७५ मध्ये तेन्मु सम्राटाने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी घातली. मांसाला नाक मुरडण्याची ती रीत कमीअधिक प्रमाणात जवळजवळ बाराशे वर्षं टिकली, आणि १८७२ मध्ये मेइजी सम्राटाने मांस खाल्ल्याचं जाहीर झालं तेव्हा कुठे प्रजेची भीड चेपली. पण या सगळ्या काळात मासा कुणी यादीत घातलाच नाही. मांस ते मांस, मासा तो मासा. हे ऐकून मला फार बरं वाटलं. माझ्या आजीचंही मत थोडंफार असंच होतं. मग मी वाक्य वाढवलं: मांस नको, मासा नको, दाशीही नको. त्यावर वेटरने दातांतून हवा आत ओढली, मान तिरकी केली आणि "चोत्तो…" म्हणून तो थांबला. चोत्तो म्हणजे "जरासं". उरलेलं वाक्य आपण समजून घ्यायचं. मी पाच मिनिटं वाट पाहत बसलो. ते "नाही" होतं.

रोज संध्याकाळी साडेसातला, म्हणजे सांगलीत चार वाजता, चहाच्या वेळी, सासूबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा. वय वर्षं चौऱ्याऐंशी, ऐकू कमी येतं, दिसतं मात्र सगळं.

"काय जेवलात? मासा नव्हता ना त्यात?"

"नाही गं आई. भजी, भात."

सासूबाईंचा चेहरा पडद्यावर अगदी जवळ यायचा. आमच्या दातांत काही अडकलंय का ते त्या बघत असाव्यात.

ओसाकात पोचलो आणि तिथल्या दोतोम्बोरी भागात हिला रस्त्याकडेला आप्पे दिसले. खरोखर आप्पे! लोखंडी आप्पेपात्र, खळगे, त्यात पीठ, आणि तो माणूस दोन टोच्यांनी ते गरागरा उलटत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी वरची पाटी वाचली: रंगीत, हसरा, आठ पायांचा प्राणी. हे ताकोयाकी. १९३५ च्या सुमारास याच शहरात ते जन्मले, आणि आप्प्याच्या पोटात ऑक्टोपसचा तुकडा असतो. बायकोला बाजूला ओढून मी आठही एकट्याने खाल्ले. पहिलाच तोंडात फुटला आणि आतल्या उकळत्या लापशीने टाळूची साल काढली. पुढचे दोन दिवस मला कशातच मासा कळेना. राजाचा चाखणारा कामातून गेला.

त्यानंतर ओकोनोमियाकी. कोबी घातलेलं जाडजूड धिरडं, समोरच्या तापल्या पत्र्यावर भाजलेलं. नावाचाच अर्थ "तुम्हाला आवडेल ते भाजून". आम्हाला आवडेल ते म्हणजे नुसता कोबी, हे मी हातवारे करून सांगितलं. त्या भल्या माणसाने डुकराचं मांस वगळलं, धिरडं उलटलं, सॉस लावला आणि शेवटी, पाहुण्यांचा मान म्हणून असेल, मूठभर कात्सुओबुशी वरून भुरभुरली. गरम वाफेने ते तलम पापुद्रे वळवळायला लागले, कमरेत वाकले, उठले, डुलले.

"अहो," ही खुर्ची मागे सरकवत म्हणाली, "ते जिवंत आहे."

मी खाल्लं. उत्तम होतं. मी हे सांगत असताना माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

माझी फजिती व्हायची होती ती शाकाहारी पदार्थापुढे, हॉटेलच्या नाश्त्याला. नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. ढवळाल तितक्या त्याला तारा सुटतात. मी काडीने एक दाणा उचलला तर वाडग्यापासून हनुवटीपर्यंत पूल तयार झाला. वास? पावसाळ्यात आठवडाभर बंद राहिलेल्या घराचं कुलूप उघडा. मी हात टेकले. हिने मात्र सोबतची सॉसची पुडी बाजूला केली (पुडीतही मासा असतो, एव्हाना ती तयार झाली होती), नुसती मोहरी आणि सोया घालून भाताशी सगळं संपवलं. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ त्यात कच्च्या भेंडीच्या चकत्या घालत होते. ते मात्र तिला पाहवेना.

"भेंडीची तार जावी म्हणून मी जन्मभर आमसुलं घालतेय," ती म्हणाली, "आणि हे तार कमी पडली म्हणून भेंडी घालतात!"

सुशीबद्दल थोडक्यात. सरकत्या पट्ट्यावरची पहिली सुशी १९५८ साली ओसाकातच फिरली. आमची आई म्हणायची, कच्चो मासो मांजरान खावचो, माणसान न्हय. मी अकरा बशा खाल्ल्या आणि अकराही वेळा आईची मनातल्या मनात माफी मागितली. हिने काकडीची सुशी खाल्ली. पाच बशा. काकडीच.

सातव्या दिवशी ती थकली. मिसोचं सार समोर आलं, मी सवयीने हात पुढे केला, तर म्हणाली, "आता चाखू नका. नुसतं 'ठीक आहे' म्हणा."

मी म्हणालो, "ठीक आहे."

तिने दोन्ही हातांनी वाटी उचलली, डोळे मिटले आणि असा भुरका मारला की सांगलीला कटाच्या आमटीलाही कधी मारला नसेल. त्या संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "मासा नव्हता ना?"

"दिसला तरी नाही, आई," ही म्हणाली. शब्द आणि शब्द खरा.

शेवटी मी तिला कोयासानला नेलं. हे खरं तर पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. ओसाकाहून आगगाडी, मग उभ्या चढणीची केबल कार, आणि वर ८१६ मध्ये कुकाई या आचार्यांनी वसवलेला शिंगोन या बौद्ध पंथाचा मठांचा गाव. मठातच राहायचं, मठातलंच जेवायचं. शोजिन-र्‍योरी. मांस नाही, मासा नाही, आणि ऐका, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास! दाशीसुद्धा कोम्बूची आणि सुक्या अळंब्यांची. लाल लाखेच्या चौरंगांवर छोट्या वाट्यांतून कोया-दोफू आलं, थंडीत गोठवून वाळवलेलं आणि मग रसात मुरवलेलं. गोमा-दोफू आलं, म्हणजे तीळ वाटून कुझू नावाच्या कंदाच्या सत्त्वात शिजवलेली थरथरती वडी. जपानात एकच पदार्थ खायचा असेल तर हा खा. मी मासेखाऊ माणूस हे सांगतोय.

हिने दोनदा भात घेतला आणि आनंदाच्या भरात काड्या भातात उभ्या खोवल्या. वाढणारा तरुण भिक्षू लगबगीने पुढे आला आणि त्याने त्या हळूच आडव्या ठेवल्या. भातात उभ्या काड्या मृताच्या नैवेद्याला असतात. समजलं तेव्हा ही क्षणभर ओशाळली, मग भाताकडे बघत म्हणाली, "कावळा शिवायचाच राहिला म्हणायचा."

जाताना भिक्षूने सांगितलं, सकाळी सहाला गोमा आहे. मी पुन्हा तिळाची वडी मिळणार म्हणून पाच मिनिटं आधीच जाऊन बसलो. समोर कुंड पेटलं, समिधा पडू लागल्या, जपानी वळणाचे संस्कृत मंत्र सुरू झाले. हा गोमा म्हणजे आपला होम. तिथवर जाताना "ह"चा "ग" झालेला. वडी मिळाली नाही.

परतीच्या आदल्या संध्याकाळी, टोकियोत, ताइयाकीची गाडी दिसली. ताइ हा तिकडचा शुभ आणि महाग मासा. त्याच्या आकाराचा लोखंडी साचा, त्यात धिरड्याचं पीठ, आणि पोटात आझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड सारण. शिजवून, साखर घालून, घोटून. पुरणच ते, फक्त वेलदोडा राहिला. डोळे, कल्ले, शेपटी, एकूण एक खवला साच्यात कोरलेला. बाहेरून सगळा मासा आणि आत नावालाही मासा नाही. मी दोन घेतले.

"डोक्याकडून खायचा का शेपटीकडून?" हिने विचारलं. जपान्यांतही यावर एकमत नाही असं मी सांगितलं. तिने विचार करून डोकं तोंडात घातलं, आणि फोन वाजला. साडेसात.

पडद्यावर सासूबाई होत्या. शेजारी, चहाला आलेल्या, भजनी मंडळातल्या चौघी. आणि त्या पाचजणींसमोर त्यांची लेक, जिच्या ओठांतून एक आख्खी शेपटी बाहेर आली होती.

"आई, हे पुरण आहे!" ही ओरडली. तोंड भरलेलं असल्यामुळे ते तिकडे कसं ऐकू गेलं कोण जाणे.

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग शांतपणे म्हणाल्या, "जावईबापूंना फोन दे."