स्टीम डेक जबरदस्तीने बंद केला तर सिस्टीम उडते का?

‘गेम अडकला म्हणून पॉवर बटण दाबून धरून स्टीम डेक बंद केला, की लिनक्स करप्ट होतं आणि सगळं पुन्हा इन्स्टॉल करावं लागतं,’ असा मेसेज फिरतोय. स्टीम डेक म्हणजे हातात धरून खेळायचा गेमिंग कॉम्प्युटर; तो स्टीमओएस या लिनक्सच्या प्रकारावर चालतो. भीती अगदीच निराधार नाही, पण रोख चुकीच्या जागेवर आहे.

स्टीमओएस 3 चं मूळ विभाजन, म्हणजे सिस्टीम जिथे असते तो स्टोरेजचा भाग, केवळ वाचण्यापुरतं उघडलेलं असतं. जिथे लिहिणंच चालू नाही, तिथे वीज गेली म्हणून बिघडणार काय? शिवाय सिस्टीमच्या दोन प्रती असतात, ए आणि बी. अपडेट नेहमी वापरात नसलेल्या प्रतीवर चढतो, त्यामुळे तो अर्धवट राहिला तरी जुनी प्रत शाबूत. डेक बंद असताना तीन ठिपक्यांचं बटण धरून पॉवर दाबलं, की मागची आवृत्ती निवडता येते.

गेम आणि सेव्ह राहतात होम विभाजनात, ते एक्स्ट4 वर, म्हणजे फाइली मांडून ठेवणाऱ्या एका फाइलसिस्टीमवर. पुढच्या बूटला जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, वाचून त्याची रचना जुळवली जाते. बहुतेक वेळा हे लक्षातही येत नाही. खरा धोका वेगळाच: नुकताच केलेला सेव्ह रॅममध्येच असेल, तर तो गेला. जर्नल फाइलसिस्टीम सावरतं, तुमचा बॉस फाइट नाही!

म्हणून आधी स्टीम बटण आणि बी बटण एकत्र दाबून धरा. फक्त गेम बंद होतो. डेक तरीही ढिम्म असेल, तर पॉवर बटण 10-12 सेकंद धरा, खुशाल.