तीन विमानांची परवानगी

आमच्या घरी युद्धाचा सिनेमा किंवा माहितीपट बघायचा तर आधी करार होतो. मला फक्त तीन विमानांची नावं सांगायची परवानगी असते. चौथं नाव तोंडातून निघालं की रिमोट बायकोकडे जातो आणि पडद्यावर तीन सुनांचं भांडण सुरू होतं. (ती मालिका मीही चवीने बघतो असा माझ्यावर आरोप आहे. तो वेगळा विषय.)

ही वेळ आली पर्ल हार्बरमुळे. माहितीपटातला घोगरा आवाज सांगत होता, ‘७ डिसेंबर १९४१ ची ती सकाळ...’ आणि समोर जी अमेरिकन लढाऊ विमानं झेपावत होती, त्यांच्या पंखांवरच्या चांदणीला दोन्ही बाजूंनी पांढऱ्या पट्ट्या! मी पोह्यांची बशी घेऊन ताडकन उठलो. ‘पट्ट्या १९४३ च्या आहेत! ४१ साली चांदणीच्या मधोमध लाल ठिपका होता. जपान्यांच्या लाल गोळ्याशी गल्लत होते म्हणून तो ४२ च्या मे महिन्यात काढला!’ तिकडे जहाजं जळत होती, माणसं समुद्रात उड्या टाकत होती, आणि मी ठिपक्यावरून भांडत होतो. बायकोने टीव्ही बंद केला. बशीही काढून घेतली.

खरं तर ठिपके-पट्ट्या सोप्या. विमान ओळखणं हे खरं दुखणं. जुनी फिल्म म्हणजे पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रातला फोटो. त्यात गोळ्या सुटल्या की आपोआप चालू होणारा कॅमेरा, म्हणजे चित्राला हीव भरल्यासारखं. विमान दिसणार दीड सेकंद, तेही मागून. कधी फिल्म उलटी जोडलेली, मग शेपटीवरचे आकडे आरशातले. आवाजावरून ओळखावं, तर तो मागाहून चिकटवलेला. सगळ्यांना एकच घरघर. युद्धकाळात अमेरिकन नौदलाने खलाशांच्या सरावासाठी विमानांची चित्रं डोळ्याचं पातं लवायच्या आत पडद्यावर चमकवली, १९४२ मध्ये शाळकरी मुलांकडून ५ लाख छोटी मॉडेलं करून मागितली. मी तेच चित्र थांबवून पाऊण तास बघतो आणि मग चुकतो.

परवा सासरे आले. अण्णांची हयात एसटीच्या डेपोत गेली. गाडी वळणापलीकडे असतानाच ती लेलँड की टाटा हे ते नुसत्या आवाजावर सांगायचे. त्यांच्यापुढे जरा वजन पडावं म्हणून मी पडद्याकडे बोट करून म्हटलं, ‘मस्टँग.’

‘एक,’ स्वयंपाकघरातून आवाज आला.

अण्णांनी चष्मा सारखा केला. ‘तोंड निमुळतं हाय. म्हंजे पाण्यावर गार होणारं इंजिन. मग रेडिएटर कुठाय, जावईबापू?’

दहा वर्षं मी पंखांची टोकं न्याहाळतोय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. रेडिएटर हनुवटीखाली होता. म्हणजे पी-४०, चीनमध्ये ज्याच्या तोंडावर शार्कचे दात रंगवायचे, ते. मस्टँगचा असतो पोटाखाली. लाज राखायला मी विषय एराकोब्राकडे नेला: इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे, तिथून दांडा त्याच्या पायांमधून पुढच्या पंख्यापर्यंत, आणि आत शिरायला मोटारीसारखं दार.

‘काच खाली होती का दाराची?’

‘होते.’

अण्णांनी लग्नानंतर प्रथमच माझ्याकडे आदराने पाहिलं.

‘दोन,’ बायको म्हणाली.

पण गोल तोंडाच्या विमानांपुढे अण्णाही हरले. ती हवेवर गार होणारी, रेडिएटरच नाही. त्यात हेलकॅट, कोर्सेअर आणि थंडरबोल्ट या तिघांना १८ सिलिंडरचं एकाच घराण्यातलं इंजिन. कोर्सेअर तेवढा लपत नाही. त्याचा पंखा १३ फुटांच्या वर. तो जमिनीला लागू नये आणि चाकांचे पायही लांबू नयेत म्हणून पंख मुळाशी खाली वाकवलेले. जोर काढणाऱ्या पैलवानाचे दंडच. एवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि पडद्याकडे बघून म्हणाली, ‘हा दुधाचा कॅन कोणी उडवला?’ थंडरबोल्ट! वैमानिक त्याला ‘जग’ म्हणायचे, आणि ते दुधाच्या भांड्यावरूनच, असं सांगतात. तिचं नाव मात्र मोजलं गेलं नाही.

तिसरं मी हेलकॅटवर घालवलं. ते विमान जहाजावरून उठलं आणि हेलकावे खाऊ लागलं. ‘ड्रायव्हर प्यालाय काय?’ अण्णांनी विचारलं. प्यालेला नव्हता, तो चाकं वर घेत होता. हेलकॅटच्या आधीच्या वाइल्डकॅटमध्ये एका हाताने रहाटासारखे तीसेक वेढे द्यावे लागत, दुसऱ्या हातात विमान सांभाळायचा दांडा, म्हणून विमान डुलायचं. म्हणजे हेलकॅट नव्हेच. पण चुकलेलं नावही मोजलं जातं.

रात्री जेवणानंतर मिडवेच्या लढाईवरचा १९७६ चा हॉलिवूडपट लागला. करार बैठकीचा की दिवसाचा, यावर वाद झाला. निकाल लागला: दिवसाचा. मी ओठ मिटून बसलो. शेवट जवळ आला. साल १९४२. जखमी नायक पंख्याचं विमान घेऊन जहाजावर उतरायला आला, आदळला, विमानाचे दोन तुकडे, आगीचा लोळ. आदळलं ते मात्र जेट! पँथर. १९५१ मधल्या खऱ्या अपघाताची फिल्म, ज्यातला वैमानिक वाचला होता. ज्या जहाजावर ते घडलं त्याचं नाव ‘मिडवे’, एवढंच काय ते जुळत होतं. माझ्या घशात नऊ वर्षांचा फरक अडकला होता.

अण्णा पुढे सरकले. ‘जावईबापू, ह्याचा पंखा कुठं गेला?’

मी बायकोकडे पाहिलं. रिमोट तिच्या हातात होता.

‘गळून पडला असेल,’ मी म्हणालो.