सुसर, पिंजरा आणि एक फिरता मेसेज

‘मगर-सुसरींच्या संवर्धनाशी प्राणिसंग्रहालयांचा काडीचा संबंध नाही. पिंजऱ्यातलं जनावर पिंजऱ्यातच मरतं. नदी राखा, बाकी सगळं आपोआप होतं.’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. त्यामागची चीड कळते. सिमेंटच्या हौदात निपचित पडलेली मगर आणि ती हलावी म्हणून खडे मारणारं पब्लिक सगळ्यांनीच पाहिलंय. पण तिन्ही विधानं जशीच्या तशी टिकत नाहीत.

काडीचा संबंध नाही? १९७० च्या दशकाच्या मध्यावर प्रौढ सुसरी (म्हणजे लांब, चिंचोळ्या तोंडाच्या घडियाल) दोनशेच्या आत उरल्याचा अंदाज होता. ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात वीण व्हावी म्हणून १९७९ मध्ये एक नर थेट जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयातून आणला. १९८० मध्ये पिल्लं झाली. बंदिवासात सुसरीची वीण होण्याची ती जगातली पहिली वेळ. नुसती जोडी जमवून हे होत नाही. सुसरीला खोल पाणी हवं आणि काठाला वाळू. मादी त्या वाळूत खड्डा करून अंडी पुरते, आणि वाळू किती तापते त्यावर पिल्लू नर की मादी हे ठरतं. हौद बांधणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर फ्रँकफर्टचा नर आणूनही उपयोग शून्य.

पिंजऱ्यातच मरतं? नंदनकाननच्या सुसरी महानदीत, सातकोशियाच्या घळीत सोडल्या गेल्या. बऱ्याच जगल्या नाहीत, काही मासेमारीच्या जाळ्यांत गेल्या. हे लपवायचं कारण नाही. पण २०२१ मध्ये त्याच घळीत २८ पिल्लं दिसली, सुमारे चार दशकांनी. बाहेरून आणून सोडलेल्या सुसरी नसत्या तर ती कुठून आली असती?

‘नदी राखा’ हे मात्र अर्धं खरं. चंबळ नदीत सोडलेली पिल्लं मुख्यतः नदीकाठची अंडी गोळा करून, लखनौच्या कुकरैलसारख्या केंद्रांत वाढवलेली होती. त्यामुळे ‘सुसर प्राणिसंग्रहालयांनीच वाचवली’ म्हणणारेही फुशारकीच मारतात. पण राखलेल्या नदीतही घात होतो. २००७-०८ च्या हिवाळ्यात त्याच चंबळच्या अभयारण्यात शंभरावर सुसरी मेल्या. मूत्रपिंडं निकामी झालेली, सांध्यांत गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचे साठे. संशय विषबाधेचा होता. सगळा वंश एकाच नदीच्या भरवशावर ठेवला असता आणि विष आणखी पसरलं असतं, तर पुन्हा सोडायला सुसरी आणायच्या कुठून, याचं उत्तर मेसेज लिहिणाऱ्याने द्यावं.