‘छान आहे’ असे मीही म्हटले होते

आज सकाळी आमच्या वाचनकट्ट्यावर जे घडले त्याचा राग संध्याकाळ झाली तरी उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही वीस-बावीस जण जमतो, ज्याला बोलायचे असेल तो अलीकडे वाचलेल्या एका पुस्तकाविषयी पाच-सात मिनिटे बोलतो, आणि मग चहा होतो. आज एक मुलगी प्रथमच बोलायला उभी राहिली. वय फार तर तेवीस-चोवीस, हातात टिपणांची वही, आवाज किंचित कापरा. तिने निवडलेली कादंबरी आमच्याच एका ज्येष्ठ सदस्यांच्या स्नेह्यांची होती आणि गेल्या महिन्यात तिचे याच कट्ट्यावर भरभरून कौतुक झाले होते. मुलीने सांगितले की पहिली शंभर पाने तिने एका बैठकीत वाचली, गावातल्या पाण्याच्या पाळ्यांवरून होणारी भांडणे तिला फार खरी वाटली, परंतु नायिका शहरात येते तिथून पुढे तिचे काय करावे हे लेखकाला सुचलेले दिसत नाही. ती रडते, पत्रे लिहिते, आणि उरलेल्या दोनशे पानांत तिला एकही निर्णय स्वतः घेता येत नाही. एवढे बोलून होते न होते तोच संयोजकांनी तिला थांबवले. “आपण इथे सकारात्मक बोलतो, लेखकाने कष्ट घेतलेले असतात,” असे ते म्हणाले. ती “सॉरी सर” म्हणून खाली बसली आणि चहाला थांबली नाही.

ती वाईट काय बोलली होती? तिने पुस्तक विकत घेतले, शेवटपर्यंत वाचले, काय आवडले ते आधी सांगितले आणि काय खटकले ते कारणासह सांगितले. पुस्तकावर याहून अधिक कष्ट घेणारा वाचक कोणत्या लेखकाला मिळतो?

मला सकाळपासून आमच्या गावचे ग्रंथपाल काका आठवत आहेत. मी आठवीत होते. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या लाकडी खिडकीमागे ते बसत आणि पुस्तक परत देताना प्रत्येकाला “कसं वाटलं?” असे विचारत. मी एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी परत करायला गेले होते, ती अर्धीच वाचून झाली होती, आणि मी “छान आहे” म्हणाले. “काय छान आहे?” त्यांनी विचारले. मला काही सांगता येईना. त्यांनी पुस्तक पुन्हा माझ्या नावावर टाकले आणि म्हणाले, “पूर्ण वाच. आवडलं नाही तर तसं येऊन सांग, पण छान म्हणू नकोस.” त्या पुस्तकाच्या तारखेच्या चिठ्ठीवर माझा सभासद क्रमांक एकाखाली एक असा दोनदा पडला.

आपल्याकडे पुस्तकाविषयी कोण बोलते, याचा जरा विचार करा. मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती एकेकाळी हजार प्रतींची असे, आता ती पुष्कळदा पाचशेची किंवा त्याहूनही कमी असते. वृत्तपत्रांतील परीक्षणांची जागा आकसली आहे आणि जी परीक्षणे येतात त्यांतील कितीतरी ब्लर्बवरून, म्हणजे पुस्तकाच्या मागच्या बाजूच्या मजकुरावरून, लिहिलेली असतात. प्रकाशन समारंभात प्रमुख पाहुणे “पुस्तक अजून पूर्ण वाचायचे आहे, पण काल रात्री चाळले” असे व्यासपीठावरून सांगतात आणि आपण टाळ्या वाजवतो. प्रस्तावना मित्र लिहितो, मागच्या बाजूची पाठराखण दुसरा मित्र लिहितो. अशा वेळी चारशे-पाचशे रुपये मोजण्यापूर्वी मी विचारायचे कोणाला? ज्याने ते वाचले आहे अशा दुसऱ्या वाचकालाच ना? आणि तोच जर भिडेपोटी खोटे बोलू लागला तर मग आपण दर महिन्याला जमतो कशासाठी?

निमंत्रण देणाऱ्यांना तोंडावर खरे सांगण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. १८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची दुसरी सभा भरणार होती, तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांनी जोतीराव फुले यांना बोलावले होते. जोतीरावांनी येण्यास नकार दिला आणि तो का दिला हे पत्र लिहून कळवले. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाचा मागमूस नाही, त्यांच्या सभेत आम्ही येऊन काय करावे, असा त्या पत्राचा आशय होता आणि ते ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आले. साहित्य संमेलनाच्या इतिहासात या सभांचा उल्लेख आपण अभिमानाने करतो. त्या पत्राचा अभिमान मात्र आपल्याला त्याच मापाने वाटत नाही.

हे लिहिताना दुसरी बाजूही मला दिसते आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ या आपल्या मासिकात याच जोतीरावांच्या भाषेची आणि व्याकरणाची जी टवाळी केली, तीही परखड समीक्षाच मानली गेली होती, आणि तिच्यात तुच्छतेखेरीज फारसे काही नव्हते. परखडपणाच्या नावाखाली माणसाला खाली पाडणारे लोक आजही आहेत, हे मला मान्य आहे. निवृत्तीनंतर पदरचे पैसे घालून पहिले पुस्तक काढणाऱ्या माणसाला चारचौघांत टोचून बोलू नये, हेही मान्य. पण ती मुलगी टोचून बोलत नव्हती हो! ती नायिकेच्या बाजूने बोलत होती. त्या खोलीत त्या नायिकेची काळजी तिच्याखेरीज दुसऱ्या कोणालाही वाटली नव्हती.

ग्रंथपाल काकांची गोष्ट मी अर्धीच सांगितली. मी आठ दिवसांनी परत गेले आणि घाबरत घाबरत म्हणाले की मला कादंबरी आवडली नाही. का, तर त्यात लढायांमागून लढाया आहेत आणि राणी फक्त ओवाळायला येते. काका काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मी ही तीनदा वाचली. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.” त्यांनी पुस्तक उघडून राणीचे प्रसंग शोधले. ते पाच निघाले आणि त्यांपैकी चारांत तिच्या हातात तबक होते. त्यानंतरही ते म्हणाले की लढायांचे वर्णन उत्तमच आहे आणि ते मत त्यांनी बदलले नाही. मीही माझे बदलले नाही. मागे चार जण पुस्तके घेऊन ताटकळत उभे होते. साठीकडे झुकलेल्या माणसाने आठवीतल्या पोरीशी असे सरळ बोलावे, याचे अप्रूप तेव्हा मला कळले नाही. ते आज, त्या मुलीला वही मिटताना पाहिले तेव्हा कळले.

आता जे लिहायचे आहे ते लिहायला मला जड जाते आहे. गेल्या महिन्यात त्या कादंबरीचे जे भरभरून कौतुक झाले, ते करणाऱ्यांत मी होते. मी उभी राहून म्हणाले होते की कादंबरी छान आहे, गावाचे चित्रण जिवंत आहे आणि प्रत्येकाने वाचावी. लेखक समोरच्या खुर्चीवर बसले होते, त्यांच्या पत्नीही आल्या होत्या, आणि मी ११२ व्या पानावर थांबलेली होते. नायिका एसटीतून शहरात उतरते, त्याच पानावर. पुढे वाचवेना म्हणून मी पुस्तक ठेवून दिले होते आणि ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती. माझ्यासारखीचे ऐकून त्या मुलीने ते पुस्तक विकत घेतले असेल. आज तिला गप्प केले गेले तेव्हा “थांबा, तिला बोलू द्या, मलाही तसेच वाटले होते,” एवढे एक वाक्य मी बोलू शकले असते. मी बशीत चहा ओतत बसले. संयोजकांवरचा सकाळपासूनचा माझा राग खरा आहे, पण त्यांनी तरी आपले मत उघडपणे सांगितले होते.

दुपारी मी तिचा नंबर मिळवला आणि तिला फोन केला. “तुम्ही मागच्या वेळी कौतुक केलं होतंत ना, म्हणून मला वाटलं माझंच काही चुकलं असेल,” असे ती म्हणाली. यावर मला तिला ११२ व्या पानाविषयी सांगावेच लागले. ती हसली नाही आणि रागावलीही नाही; तिने इतकेच विचारले की पुढे ते पत्रांचे प्रकरण येते, ते मी वाचले आहे का, कारण त्यातले तिसरे पत्र तिच्या मते चांगले आहे आणि त्याविषयी बोलायचे तिचे राहून गेले होते.

पुस्तक कपाटातून काढले आहे. खुणेची पट्टी अजून ११२ व्या पानावरच होती. येत्या आठवड्यात ते संपवेन आणि जे वाटेल ते आधी तिला, मग लेखकांच्या घरी जाऊन त्यांना सांगेन. तिसरे पत्र चांगले निघाले तर तेही सांगेन.