शेवटचा डबा

कुडाळच्या आमच्या घरी विहीर खाली परसात आणि टाकी वर डोंगरीवर. मधे दोनशे मीटर काजूची झाडं. टाकी भरली की काकी वरून बोंब मारायची, मी खाली मोटर बंद करायचो. हे सगळं उत्तम चाललं होतं, म्हणूनच ते सुधारायची मला बुद्धी झाली.

दोन्ही टोकांना एकेक आर्डुइनो (प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड), त्याचं बोलणं तारेवर चढवणारी एकेक मॅक्स४८५ चिप आणि मधे पीळ दिलेली तारांची एक जोडी. आरएस-४८५ ही तारेवरून निरोप धाडायची पद्धत हजार-बाराशे मीटरही जाते, दोनशेचं काय! जोडी एकच, म्हणून एका वेळी एकानेच बोलायचं. चिपचा डीई पाय वर केला की बोला, खाली केला की ऐका. आमच्या वाडीत हा नियम आजवर कुणी पाळलेला नाही, पण तारेकडून मला आशा होती.

खालच्याने विचारायचं, पाणी किती? वरच्याने सांगायचं. खालचा विचारतोय, वरचा ढिम्म. तीन दिवस. काकी येता-जाता विचारी, "मेल्या, पाणी खंय आसा?"

चूक माझीच होती. बफर (पाठवायच्या बाइट्सची रांग) रिकामा झाल्याची खूण दिसली की मी डीई खाली पाडत होतो. पण बफर रिकामा होतो तेव्हा शेवटचा बाइट शिफ्ट रजिस्टरमध्ये, म्हणजे एकेक बिट तारेवर सोडणाऱ्या दारात, नुकता कुठे चढलेला असतो. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) त्याला बाहेर पडायला अजून १.०४ मिलिसेकंद हवे असतात. मी त्याच्या तोंडावर दार आपटत होतो. त्यात मॉडबस या निरोपाच्या साच्यात शेवटचा बाइट म्हणजे सीआरसीचा, चूक पकडणाऱ्या आकड्याचा, अर्धा भाग. तो नसला की ऐकणारा अख्खा निरोप टाकून देतो, तेही एक अक्षर न बोलता. सरकारी खिडकीसुद्धा 'उद्या या' एवढं तरी म्हणते.

मग मी डीई पाडण्याआधी दहा मिलिसेकंदांचा डीले, म्हणजे थांबा, ठोकला. आता वरचा त्याआधीच उत्तर द्यायला लागला आणि मी अजून तार धरून बसलेलो! दोघांची झोंबाझोंबी, उत्तराचं डोकं गायब. उत्तर आलं नाही तर मोटर बंद करावी, हे शहाणपण काजूखाली तळं साचल्यावर सुचलं.

त्याच आठवड्यात काकांना आणायला स्टेशनवर गेलो. एकेरी मार्ग, त्यामुळे त्यांची गाडी आधीच्या स्टेशनात क्रॉसिंगला अडकलेली. समोरून एक एक्सप्रेस धडधडत गेली. रेल्वेचा माणूस हिरवा झेंडा धरून उभा होता. इंजिन गेलं, डबे गेले, तरी तो हलेना. शेवटच्या डब्यावरची पिवळी फुली पाहिली, मगच झेंडा गुंडाळून आत गेला.

मी स्टेशनवरच कपाळावर हात मारला. आर्डुइनोच्या चिपकडेही अशी फुली असते, शेवटचा बिट बाहेर पडल्याची वेगळी खूण. सीरियल.फ्लश ही आज्ञा तिचीच वाट बघते. (आर्डुइनो १.० च्या आधी हेच फ्लश आलेला मजकूर खरोखरच ओतून द्यायचं. नाव तेव्हा जास्त शोभत होतं.) डीलेच्या जागी फ्लश घातलं आणि मोटर आपली आपण बंद झाली.

काकी काठी घेऊन डोंगरीकडे निघाली.

"अगो, भरली म्हणून दिवा लागलाय ना!"

"तुजा यंत्र सांगता भरली," ती म्हणाली, "पण माका वाजवन बघूक व्हया."