मेलेलं घोडदळ कुठे ठेवायचं?

लढाईचा बोर्ड गेम तयार करायला बसलेल्या माणसाला सुरुवातीला वाटतं की अवघड भाग लढाईचाच असणार. कोणी कोणावर हल्ला करायचा, डोंगर चढायला किती चाली लागतात, तोफेचा पल्ला किती, असल्या गोष्टी. त्या सगळ्या एका दुपारीत उरकतात. नकाशावर षटकोन आखले, पुठ्ठ्याच्या चकत्या कापून त्यांवर पायदळ, घोडदळ, तिरंदाज, तोफखाना अशी चित्रं काढली, की मारामारी आपोआप सुरू होते. मारामारी करायला माणसाला नियमांची वाट बघावी लागत नाही. खरं दुखणं पुढे आहे. मार खाल्ला पण मेलं नाही, अशा घोडदळाचं करायचं काय? आणि मेलंच, तर ते परत कधी, कुठून आणि कोणत्या अवस्थेत आणायचं?

बुद्धिबळाने हे झंझट अंगाला लावूनच घेतलं नाही. तिथे हत्ती एक तर असतो, नाही तर नसतो. जखमी हत्ती, अर्धा हत्ती, दोन चालींनी कामावर रुजू होणारा हत्ती, ही भानगड नाही. (प्यादं शेवटच्या रांगेत पोहोचलं की त्याचा वजीर होतो हे खरं, पण तो बढतीचा विषय झाला.) मला मात्र हौस दांडगी. प्रत्येक तुकडीला तीन घाव सोसता यावेत, तिला थकवा यावा आणि मेल्यावर ती राजधानीतून पुन्हा उभी राहावी, अशी माझी योजना. एका बाजूच्या १२ तुकड्या, दोन्ही मिळून २४. प्रत्येकीचे घाव किती, ती थकली आहे का आणि मेली असेल तर परत कधी येणार, अशा तीन नोंदी. म्हणजे खेळ चालू असताना ७२ गोष्टी कोणीतरी सतत लक्षात ठेवायच्या.

हा ‘कोणीतरी’ प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या लष्कराला मिळाला होता. १८२४ साली राइसवित्झ नावाच्या तिथल्या एका लेफ्टनंटने अधिकाऱ्यांच्या सरावासाठी नकाशावरच्या युद्धाचा खेळ मांडला. त्यात तुकडीची ताकद गुणांत मोजत आणि गुण संपले की तुकडी नकाशावरून उचलत. हा सगळा हिशेब पंचाकडे. खेळणाऱ्यांनी नुसते हुकूम सोडायचे, कोणाचं किती नुकसान झालं ते पंच लिहून ठेवणार. अशा नोकरीसाठी आमच्याकडे बायकोचं नाव एकमताने पुढे आलं. “दिवसभर ऑफिसात कोणाचं काय शिल्लक आहे तेच एक्सेलमध्ये भरते,” ती म्हणाली, “घरी आल्यावर तुमचे तिरंदाज भरायला मला वेळ नाही.” पंचाची जागा तेव्हापासून रिक्त आहे.

मग प्रत्येकाने आपापली नोंद ठेवावी असं ठरलं. माझा मेहुणा पेशाने हिशेबनीस, त्यामुळे त्याचा कागद बघण्यासारखा असायचा: रेघा मारलेल्या, डाव्या बाजूला तुकडीचा क्रमांक, उजवीकडे शिल्लक. भाचीच्या कागदावर काही टिंबं आणि एका मांजराचं चित्र. पण भांडणं व्हायची ती मेहुण्याशीच.

“दाजी, तुमच्या कागदावर माझं चौथं पायदळ मेलंय. माझ्याकडे त्याचा एक घाव शिल्लक दिसतोय.”

“अरे, मघाशी नदीकाठी नाही का मेलं?”

“ते पाचवं. व्हाउचर दाखवा.”

लढाई बाजूला राहिली आणि ऑडिट सुरू झालं.

कागद बंद करून मी लाल ठोकळे आणले. घावाला एक ठोकळा, तुकडीच्या शेजारी ठेवायचा, बघताक्षणी कळतं. कळतं खरं, पण तुकडी हलली की तिचे ठोकळेही बरोबर हलवायला हवेत, आणि हल्ल्याच्या आवेशात माणूस तुकडी उचलतो, जखमा तिथेच राहतात. एका रिकाम्या षटकोनात दोन लाल ठोकळे बराच वेळ पडून होते. ते आपले आहेत असं कोणीच म्हणेना. शेवटी मेहुण्याने ते शेजारून जाणाऱ्या माझ्या तोफखान्याच्या नावावर टाकले. तीन तुकड्या एका ठिकाणी दाटल्या, की कोणता घाव कोणाचा हे ठरवायला वेगळी लढाई करावी लागे. त्यात कोणाची तरी बाही पटावरून फिरली, की नकाशाच्या पूर्वेकडे साथ पसरावी तसे एकदम सगळेच जखमी.

ठोकळ्यांऐवजी फासे ठेवावेत, हा काही डिझायनर सुचवतात तो उपाय. तुकडीपाशी फासा ठेवायचा, वरचा आकडा म्हणजे तिची ताकद. दिसायला सुरेख. पण त्याच खेळात लढाईसाठीही फासे टाकायचे असतात. भाचीने ऐन चढाईत हाताला लागला तो फासा उचलला, मुठीत खुळखुळवला आणि फेकला. तो माझ्या अर्धमेल्या पायदळाचा होता. “सहा!” ती ओरडली. मीही ओरडलो, कारण माझं पायदळ ठणठणीत बरं झालं होतं. त्या सहाची मालकी नेमकी कोणाची, यावर आमचं अजून एकमत नाही.

शेवटी उपाय सापडला तो लाकडी ठोकळ्यांच्या खेळांत. १९७२ साली कॅनडात ‘क्वेबेक १७५९’ नावाचा खेळ निघाला, तेव्हापासून ही पद्धत रुळली. तुकडी म्हणजे चपटा चौकोनी ठोकळा, खेळणाऱ्याकडे तोंड करून उभा ठेवलेला. चार कडांना चार आकडे, वर असेल तो आकडा म्हणजे आत्ताची ताकद. घाव बसला की ठोकळा एक पाव वळवायचा. ना कागद, ना फासा. तुकडी आपली तब्येत स्वतःच्या अंगावर घेऊन फिरते आणि समोरच्याला फक्त कोरी पाठ दिसते, हा वरचा फायदा. ही युक्ती ज्याला सुचली त्याला घरात तिघांबरोबर कसं राहावं लागतं हे नक्की ठाऊक असणार. राहता राहिला थकवा. थकलेली तुकडी आडवी ठेवायची असं मी ठरवलं होतं, पण आमचं टेबल जरा डुगडुगतं आणि मेहुणा पाय हलवत बसतो. अर्धी फौज दर पाच मिनिटांनी थकून पडायला लागली. मी थकव्याचा नियमच काढून टाकला. खेळणारे थकतात तेवढं पुरे.

घावांची व्यवस्था लागली, आता मरणाचं बघायचं. मेलेली तुकडी परत येऊच नये असं ठरवलं, तर पहिल्या अर्ध्या तासात घोडदळ गमावलेला माणूस पुढचे दोन तास आपली वरात बघत बसतो. “मामा, मी हरलेच आहे ना?” भाची विचारते, “मग मी फोन बघू?” आणि सहज परत येऊ दिली, तर मारण्यात राम राहत नाही. इतकी फौज जमवून किल्ल्याखाली शत्रूचा तोफखाना उडवावा आणि पुढच्या चालीला तोच तोफखाना ताजातवाना होऊन समोर उभा, हे कोणाला सहन होईल?

लुडोने हे फाशावर सोपवलंय. सोंगटी मेली, घरी गेली, आता सहा पडेपर्यंत बसा. सहा वेळा फासा टाकूनही एकदासुद्धा सहा न पडण्याची शक्यता जवळजवळ ३३ टक्के असते. पाच चाली पुढचं गणित मांडून बसलेल्या मेहुण्याला हा नियम मी एकदाच लावून पाहिला. त्या संध्याकाळी तो जेवायला थांबला नाही.

जपानी शोगीत तर मारलेला मोहरा मारणाऱ्याचाच होतो आणि तो हवा तेव्हा आपल्या बाजूने पटावर उतरवता येतो. दोन्हीकडचे मोहरे एकाच रंगाचे, टोक ज्या दिशेला त्यावरून मालक कळतो. नोंदीचा प्रश्नच नाही. विचार म्हणून हे अप्रतिम आहे, पण माझ्या चित्रातले घोडेस्वार निळ्या झेंड्याखाली होते आणि एका रात्रीत लाल झेंड्याशी एकनिष्ठ व्हायला ते तयार नव्हते.

या सगळ्यावर मला सगळ्यात जास्त शिकवलं ते कबड्डीने. कबड्डीचे जुने तीन प्रकार घ्या. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. अमरमध्ये बाद झालेला बाहेर जातच नाही, समोरच्याला फक्त गुण मिळतो. संजीवनीत समोरचा गडी बाद केला की आपला एक जिवंत होतो. मी महिनोन् महिने डोकं आपटून ज्या तीन भिंतींपाशी पोहोचलो होतो, तिथे लोक आधीच मैदान आखून खेळत होते! आजच्या कबड्डीत तर गडी ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने परत येतात. म्हणजे पटाच्या कडेला मेलेल्यांची रांग लावायची आणि आपण शत्रू मारला की रांगेतला पहिला आत घ्यायचा. लिहायचं काहीच नाही.

ही रांग झकास चालली, भाचीला तिचं मर्म कळेपर्यंत. मरून आलेली तुकडी पूर्ण ताकदीने येते हे तिने हेरलं आणि आपलं लंगडं घोडदळ माझ्या तोफांसमोर मुद्दाम नेऊन उभं केलं. रांगेत ते पहिलं, पुढच्याच चालीत राजधानीत हजर, एकही ओरखडा नाही. शिवाय सरहद्दीवरून राजधानीपर्यंतचा पाच चालींचा रस्ता वाचला. आमच्या खेळात औषधोपचारापेक्षा मरण स्वस्त होतं आणि वाहतुकीचं सगळ्यात जलद साधनही तेच. दुसरी अडचण अशी की जो मारतो त्याचेच जिवंत होतात, म्हणजे जिंकणाऱ्याची फौज वाढतच जाते. कबड्डीने त्यावर लोण ठेवलाय: अख्खा संघ बाद झाला की समोरच्याला दोन जादा गुण आणि सगळेच्या सगळे पुन्हा मैदानात. लोण मी जसाच्या तसा उचलला. रांग सोडली.

रांगेच्या जागी आता पटाच्या कडेला टर्नची पट्टी आहे, १ ते १० रकाने. तुकडी चौथ्या टर्नला मेली की ती सहाव्या रकान्यात ठेवायची. टर्नची खूण तिथे पोहोचली की ती जिवंत. कधी परतायचं ही तारीख तिच्या जागेवरूनच कळते. येते ती अर्ध्या ताकदीने, त्यामुळे भाचीची मोफत वाहतूक बंद झाली. नवव्या किंवा दहाव्या टर्नला मरणाऱ्याला दोन घरं पुढचा रकानाच नाही. त्याला मोक्ष.

मग भाचीने माझ्या राजधानीच्या दारात दोन तोफखाने आणून लावले. बाहेर येईल ते जन्मल्या जन्मल्या गारद. नवजात तुकडीला एक टर्न अभय द्यावं, तर अभय कोणाला आहे हे लक्षात ठेवायला पुन्हा ठोकळे आले. म्हणून राजधानीच्या षटकोनावर हल्लाच करता येणार नाही असं लिहिलं. लगेच मेहुण्याने अख्खी फौज राजधानीत कोंबली आणि चहा मागितला. राजधानीत एका वेळी एकच तुकडी, अशी दुरुस्ती केली.

“पण दाजी,” मेहुणा नियमांचा कागद चष्म्याजवळ नेत म्हणाला, “ती एक तुकडी मीच बाहेर काढली नाही, आणि सातव्या रकान्यातल्याची वेळ भरली, तर?”

“थांबेल की रकान्यात.”

“आठवा टर्न लागला तरी?”

“लागला तरी.”

“मग मामा, ते जिवंत आहे का मेलेलं?” भाची हातात ठोकळा घेऊन म्हणाली. “कारण लोणाला सगळे मेलेले लागतात. मला माझे दोन गुण हवेत.”

मी नियम क्रमांक १४ खाली पोटकलम ‘क’ लिहायला घेतलं. मेहुण्याने खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि ‘ड’ साठी जागा सोडायला सांगितली.