फ्राउब्यूर्त: एका छोट्या गावाची चार नावं

गेल्या रविवारी सायकल काढली आणि लेवार्डनहून वायव्येला निघाले, समुद्राच्या बाजूला. इथे नेदरलँडमधल्या फ्रिस्लान प्रांतात राहून आता बरीच वर्षं झाली, पण तो बिल्ट नावाचा भाग माझ्याकडून कायम राहूनच जात होता. सगळं सपाट, रस्ते आखणीपट्टीने ओढल्यासारखे सरळ, दोन्ही बाजूंना बटाट्याची शेतं. एका शेताच्या फाटकापाशी लाकडी टपरी दिसली, आत बटाट्याच्या पिशव्या रचलेल्या आणि बाजूला पैसे टाकायला डबा. शेताचे मालक आजोबा तिथेच उभे होते म्हणून त्यांना विचारलं, फ्राउवनपारोखी अजून किती लांब आहे? ते म्हणाले, "फ्राउब्यूर्त? हे काय, समोर चर्चचं टोक दिसतंय तेच."

मॅपवर डच नाव फ्राउवनपारोखी आणि माणसाच्या तोंडी फ्राउब्यूर्त. फ्रिजियन, म्हणजे या प्रांताच्या स्वतःच्या भाषेत याच गावाला फ्राउबुओरन म्हणतात हे मला माहीत होतं, मग हे तिसरं कुठून आलं? घरी आल्यावर वाचत बसले तर चौथंही निघालं, आणि ते सगळ्यात जुनं. काइफहूक.

झालं असं की पाचशे वर्षांपूर्वी इथे जमीनच नव्हती. मिडलझे नावाची खाडी होती, ती गाळाने भरत आलेली. तेव्हा फ्रिस्लानवर सॅक्सनीच्या ड्यूक गेओर्गची सत्ता होती, त्याने १५०५ मध्ये हॉलंडच्या काही सरदारांशी करार केला की बांध घाला आणि जमीन कसायला घ्या. मातीकाम करायला आणि नंतर शेती करायला माणसं आली ती दक्षिण हॉलंडमधून. खारं पाणी, चिखल आणि फावडी! त्या माणसांनी नव्या जमिनीवर तीन गावं वसवली आणि नावं दिली आपल्या मागे राहिलेल्या मुलखातली. वाइनगार्डन, आल्टूना आणि काइफहूक. (मूळचं काइफहूक अजून आहे दक्षिण हॉलंडमध्ये, आता ते मालगाड्यांच्या प्रचंड मोठ्या रेल्वे यार्डासाठी ओळखलं जातं.) घर सोडून आलेल्या माणसाने नव्या चिखलाला जुन्या गावाचं नाव द्यावं, हे वाचताना मला खरंच भरून आलं.

मग चर्चं उभी राहिली आणि गावं संतांच्या नावाने ओळखली जायला लागली. आल्टूना झालं सिंट आनापारोखी, वाइनगार्डन झालं सिंट याकोबीपारोखी आणि काइफहूक झालं फ्राउवनपारोखी. पारोखी म्हणजे वसईकडे ज्याला धर्मग्राम म्हणतात ते, आणि फ्राउ म्हणजे मारिया, आपल्या वांद्र्याची मतमाउली तीच. १५८० मध्ये फ्रिस्लान प्रोटेस्टंट झालं, संतांची पूजा बंद झाली, तरी नावं कुणी बदलली नाहीत. आज सगळे सिंट आनापारोखीला ओळखतात कारण १६३४ मध्ये चित्रकार रेम्ब्रांट आणि सास्कियाचं लग्न तिथे लागलं. पण आल्टूना हे नाव पुरतं गेलं नाही, जवळच नाय आल्टूना म्हणजे नवं आल्टूना नावाचं गाव आहे. काइफहूकच्या नशिबी तेही आलं नाही.

आता मुद्द्यावर येते. बिल्टच्या लोकांची बोली आहे बिल्ट्स, त्या मजुरांची जुनी हॉलंडची बोली आणि आजूबाजूची फ्रिजियन यांच्या मिश्रणातून झालेली. फ्राउब्यूर्त हे त्या बोलीतलं नाव, माउलीची वस्ती म्हणा ना. ही बोली बोलणारी माणसं आता काही हजारच उरलीत. आणि हे लोक स्वतःला काय म्हणवतात माहितीये? बिल्टकर! योगायोगच आहे, पण पुणेकर, नगरकर म्हणत वाढलेल्या माझ्या कानाला तो शब्द इतका घरचा वाटला की मी आजोबांना दोनदा म्हणायला लावला.

इथल्या एका ओळखीच्याशी यावर बोलले तर तो म्हणाला, फ्रिस्लानमध्ये आहे ना गाव, मग फ्रिजियन नाव लावा आणि विषय संपवा. मला हे अजिबात पटत नाही. फ्रिजियन लोकांनी स्वतःच्या नावांसाठी किती वर्षं घालवली ते बघा. १९८९ मध्ये तिच्यरक्स्तराडील नगरपालिकेने आपल्या गावांची फ्रिजियन नावं अधिकृत केली, बेर्गमचं बुर्गम झालं. १९९७ पासून अख्ख्या प्रांताचंच अधिकृत नाव फ्रिजियनमधलं, म्हणजे फ्रिस्लान झालं, आणि ते योग्यच झालं. पण "तुम्ही नेदरलँडमध्ये आहात ना, मग डच नावच चालवा" हे ज्यांना ऐकावं लागलं त्यांनीच बिल्टकरांना तेच ऐकवायचं? लहान भाषेच्या पोटातही आणखी लहान भाषा असते, तिच्याकडे कोण बघणार? फ्रिजियनला सरकारी भाषेचा दर्जा आहे, बिल्ट्सला तो नाही. २०१८ मध्ये तर बिल्टची स्वतंत्र नगरपालिकाही गेली, वाडहूके नावाच्या मोठ्या नगरपालिकेत विलीन झाली.

माझं म्हणणं एवढंच आहे की गावात राहणारी माणसं रोज जे नाव घेतात ते आधी लिहा, बाकीची खाली लिहा, आणि काइफहूक सुद्धा कुठेतरी लिहा, चर्चच्या भिंतीपाशी छोटी पाटी लावली तरी चालेल. ज्यांनी खाडीतून ती जमीन वर काढली त्यांनी दिलेलं नाव आहे ते.

निघताना आजोबांना काइफहूक ठाऊक आहे का म्हणून विचारायचं मला सुचलंच नाही, कारण तेव्हा मलाच ते माहीत नव्हतं. दोन किलो बटाटे घेतले होते ते संपत आलेत, पुढच्या रविवारी परत जाणार आहे, तेव्हा विचारते.